गावकुसापासून बरोच्या हद्दीपर्यंत

दोन गावांमध्ये शिवेचा तंटा उभा राहिला की पूर्वी महाराला पुढे घालण्यात येई. कोणता दगड कोणी पुरला, ओढ्याचे जुने पात्र कुठून वाहत होते, कोणत्या झाडापाशी एका गावाची जमीन संपून दुसऱ्या गावाची सुरू होते, हे त्याला पिढ्यानुपिढ्या ठाऊक असे. तो शिवेवरून चालत जाई आणि त्याची साक्ष दोन्ही गावे मानत. वतनाच्या कामांत हे एक काम होते. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती, त्याला स्वतःला मात्र गावकुसाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती. गावाची शीव राखणारा माणूस त्याच गावाच्या बाहेर राहत होता.

आमच्या आज्या-पणज्यांची ही कथा आम्हांला ठाऊक आहे. मुलांनाही आम्ही ती भीमजयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत सांगतो. परंतु त्याच सभागृहात, खुर्च्या आवरताना, कोणी आम्हांला असा प्रश्न विचारला की, "तुम्ही ज्या बरोमध्ये राहता त्याची हद्द कुठून कुठवर आहे? तुमच्या वॉर्डाचे नाव काय? तुमचे नगरसेवक कोण?", तर आमच्यापैकी बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. कौन्सिल टॅक्सचे बिल आणि कचऱ्याच्या डब्यांचे वेळापत्रक एवढाच आमचा आणि आमच्या नगरपालिकेचा संबंध उरला आहे. ज्यांच्या पूर्वजांना शिवेचा प्रत्येक दगड पाठ होता, त्यांची मुले आज ज्या हद्दीत राहतात ती हद्दच ओळखत नाहीत. ही गोष्ट आम्हांला बोचते. या लेखात आम्ही तिच्याविषयीच लिहिणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास. आज बृहद् लंडनमध्ये बत्तीस बरो आणि त्यांच्यापासून वेगळी असलेली सिटी ऑफ लंडन अशी रचना आहे. ही रचना फार जुनी नाही. १९६३ च्या लंडन गव्हर्न्मेंट कायद्याने ती ठरली आणि १ एप्रिल १९६५ पासून अमलात आली. त्यापूर्वी लंडन काउंटीमध्ये अठ्ठावीस लहान महानगरीय बरो होते. त्यांपैकी हॅम्पस्टेड, सेंट पॅन्क्रस आणि होबर्न या तिघांना एकत्र करून कॅमडन हा बरो निर्माण झाला. म्हणजे बाबासाहेब १९२१-२२ साली किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत होते, तेव्हा कॅमडन नावाचा बरो कागदावरही नव्हता. आज मात्र त्यांचे ते घर आणि त्यांनी जेथून बॅरिस्टरी केली ती ग्रेज इन, ही दोन्ही ठिकाणे याच एका बरोच्या हद्दीत येतात. त्यांची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स मात्र हद्दीच्या पलीकडे, वेस्टमिन्स्टरमध्ये पडते.

ही माहिती कोणाला निरुपयोगी वाटेल. परंतु ती किती उपयोगाची आहे, हे आम्हांला दहा क्रमांकाच्या त्याच घराने शिकविले.

ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. आम्ही मुलाबाळांसह तेथे गेलो. जिन्यावरून चढताना आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी कोणाच्याही मनात हा प्रश्न आला नाही की, राहण्याचे घर म्हणून नोंदलेल्या इमारतीचा संग्रहालय म्हणून वापर करण्याची परवानगी कोणी मागितली आहे काय? ती परवानगी देण्याचा अधिकार ना दिल्लीला होता, ना मुंबईला. तो होता कॅमडन कौन्सिलच्या नियोजन विभागाला. २०१८ मध्ये पूर्वलक्षी अर्ज करण्यात आला आणि त्याच वर्षी कौन्सिलने तो नाकारला. राहण्याची जागा कमी होते, हे नकाराचे मुख्य कारण होते. गर्दी आणि आवाज यांविषयी काही शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्यावर अपील झाले, २०१९ च्या शरद ऋतूत सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी या वास्तूच्या महत्त्वाला वजन देऊन परवानगी मंजूर केली. स्मारक वाचले.

त्या दोन वर्षांत आमच्या गटांत जे संदेश फिरत होते ते आम्ही विसरलो नाही. "हा बाबासाहेबांचा अपमान आहे," "येथेही जातिवाद पोहोचला," "बंद पाडण्याचे कारस्थान आहे," असे लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो. आमच्या संतापामागे प्रेम होते, यात शंका नाही. परंतु आज शांतपणे मागे वळून पाहता मान्य केले पाहिजे की, कौन्सिलने घेतलेला आक्षेप आमच्या विरोधातला नव्हता. कॅमडनमध्ये घरांची टंचाई तीव्र आहे. राहण्याचे एकही घर दुसऱ्या वापरासाठी सहजासहजी जाऊ द्यायचे नाही, असे तेथील धोरण आहे, आणि त्या धोरणाचा लाभ ज्यांना होतो ते बहुधा गरीब भाडेकरूच असतात. बेघरांचा प्रश्न आम्ही तरी क्षुल्लक म्हणू शकत नाही. आमची मागणी न्याय्य होती, पण आमची तयारी अपुरी होती. अर्ज आधी करावयास हवा होता, शेजाऱ्यांशी आधी बोलावयास हवे होते, आणि उद्घाटनाचा फलक लावण्यापूर्वी बरोचा आराखडा वाचावयास हवा होता. ज्या माणसाचे ते घर, तो माणूस कोणत्याही सभेला जाण्यापूर्वी कायद्याचे पुस्तक वाचून जात असे.

दुसऱ्यांना दोष देऊन आम्ही स्वतःला मोकळे करणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एका कुटुंबाच्या घरी दर रविवारी वंदना होत असे. प्रथम चार कुटुंबे येत, नंतर पंधरा येऊ लागली. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती बसविली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, मागच्या शेडमध्ये मुलांचे वर्ग सुरू झाले. वर्षभराने कौन्सिलचे पत्र आले. घराचा नियमित वापर प्रार्थनास्थळासारखा होत आहे, मोटारी रस्त्यावर अडथळा करतात, अशी तक्रार होती. पत्र वाचून त्या घरातील ताई इतक्या घाबरल्या की त्यांनी मूर्ती कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. "गावाकडं पाटलाचं बोलावणं आलं की आजोबा असेच घाबरायचे," असे त्या आम्हांला म्हणाल्या. त्या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. पत्रात धमकी नव्हती. खाली अधिकाऱ्याचा फोन नंबर होता आणि 'आपले म्हणणे कळवावे' अशी विनंती होती. आम्ही फोन केला. घरात कुटुंबाने आणि पाहुण्यांनी वंदना करण्यास काहीच हरकत नाही, मात्र घराचे स्वरूप बदलेल इतका सार्वजनिक वापर होत असेल तर वापरबदलाची परवानगी लागते, असे सांगण्यात आले. आम्ही वर्ग शाळेच्या भाड्याच्या सभागृहात नेले. मूर्ती माळ्यावरून खाली आली. परंतु त्या दोन आठवड्यांची भीती आम्ही स्वतःच्या अज्ञानातून विकत घेतली होती.

नगरपालिका आणि आपला समाज यांचा संबंध काही नवा नाही. आमच्या चळवळीचा पहिला मोठा लढाच एका नगरपालिकेच्या ठरावातून उभा राहिला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी घेतले तेव्हा त्या कागदाला प्रथम अर्थ प्राप्त झाला. त्यानंतर काय घडले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे सनातनी मंडळी न्यायालयात गेली आणि तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे गेली.

या घटनाक्रमातून आम्ही तीन बोध घेतो. एक, नगरपालिकेचा ठराव लहान वाटला तरी तो लढ्याला कायद्याचे अधिष्ठान देऊ शकतो. दोन, ज्या सभागृहात आपला माणूस नाही, त्या सभागृहाने दिलेले तेच सभागृह काढूनही घेऊ शकते. तीन, पाणवठा कोणाच्या हद्दीत आणि कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न केवळ मोजणीदाराचा नाही. त्याच्या उत्तरावर माणसाचे माणूसपण अवलंबून असू शकते.

येथे आमचे काही मित्र रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, स्थानिक स्वराज्यावर बाबासाहेबांचा विश्वास कुठे होता? १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला आणि संरक्षणावाचून गावाच्या हाती सत्ता देण्याचा धोका दाखवून दिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली आणि राज्यघटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक बहुसंख्यांची सत्ता, हा धडा आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. शिवाय किंग हेन्रीज रोडचे घर शेवटी वाचविले ते केंद्रीय मंत्र्याने, स्थानिक कौन्सिलने नव्हे. मग कौन्सिलच्या दारात जावेच कशाला?

आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो झटकून टाकू इच्छित नाही. परंतु बाबासाहेबांनी स्थानिक संस्थांकडे पाठ फिरवा असे कधी सांगितले नाही. त्या संस्थांत आपले प्रतिनिधी हवेत, त्यांच्यावर कायद्याचा अंकुश हवा, असे ते सांगत होते. ज्या ठिकाणी आपण अल्पसंख्य असतो, त्या ठिकाणी गैरहजर राहणे आपल्याला परवडत नाही. बहुसंख्यांनी सभा चुकविली तरी त्यांचे हित सांभाळले जाते. आपण चुकविली तर आपले नावही इतिवृत्तात येत नाही.

हद्दीचा प्रश्न किती खरा आहे, याचे उदाहरण अटलांटिकच्या पलीकडे आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावास बंदी घालणारा अध्यादेश संमत केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. क्षमा सावंत यांनी मांडलेल्या या प्रस्तावासाठी आमच्याच बंधुभगिनींनी परिषदेपुढे उभे राहून आपापल्या साक्षी दिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने तसेच पाऊल उचलले. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरून परत पाठविले. म्हणजे राज्याला जे जमले नाही ते शहरांना जमले. परंतु त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे की, सिएटलचा अध्यादेश सिएटलच्या हद्दीपाशी थांबतो. सरोवर ओलांडून पूर्वेकडे गेले की रेडमंड लागते. तेथे मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय आहे आणि आमचे असंख्य लोक तेथे नोकरी करतात. एका पुलाच्या अलीकडे जे संरक्षण त्या अध्यादेशाने दिले, ते पुलाच्या पलीकडे त्याच्या आधाराने मागता येत नाही. नकाशावर जी रेषा सहज दिसतही नाही, ती माणसाच्या आयुष्यात एवढी मोठी असते.

ब्रिटनमध्ये तर संसदेनेच हा विषय अर्धवट सोडला आहे. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे कर्तव्य २०१३ मध्ये संसदेने सरकारवर टाकले. २०१८ मध्ये सरकारने ते अमलात न आणण्याचा आणि न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचा मार्ग घोषित केला. इंग्लंडमधील कौन्सिल राष्ट्रीय कायदा बदलू शकत नाही. परंतु ती आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि आपल्या सेवांसाठी धोरण ठरविते, प्रशिक्षण देते, समता अहवाल काढते. त्या धोरणात 'जात' हा शब्द असावा यासाठी आमच्यापैकी किती जणांनी आपल्या नगरसेवकाला एकतरी पत्र लिहिले? पत्र लिहिण्यास पारपत्र लागत नाही.

मायदेशाकडे पाहिले तरी हेच दिसते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या. कोणता प्रभाग राखीव होईल हे त्या प्रभागातील लोकसंख्येवर अवलंबून असते आणि ती लोकसंख्या प्रभागाची रेषा कोठून ओढली यावर. एखादी वस्ती सलग एका प्रभागात राहिली तर तिचा आवाज उमटतो. तीच वस्ती नाल्याच्या अलीकडे-पलीकडे दोन प्रभागांत वाटली गेली तर दोन्हीकडे ती अल्पसंख्य ठरते. मुंबई महानगरपालिकेत प्रभाग २२७ असावेत की २३६, हा वाद आणि इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत लोंबकळत राहिला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्या महानगराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींवाचून, प्रशासकाच्या हाती चालला. आमचे नातेवाईक ज्या चाळींत आणि नगरांत राहतात, तेथे पाण्याची ओरड कोणाकडे न्यावी हा प्रश्न त्या काळात रोजचा झाला होता. प्रभागरचनेवर हरकती मागविल्या जातात तेव्हा बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसून नकाशा पाहणारी दोन माणसे असतील, तर त्या वस्तीचे भवितव्य बदलू शकते.

येथील व्यवस्थेतही तशी संधी आहे. इंग्लंडमध्ये वॉर्डांच्या सीमा ठरविणारा स्वतंत्र आयोग आहे. तो तीन कसोट्या लावतो. प्रत्येक नगरसेवकामागे मतदारसंख्या साधारण सारखी असावी, समाजाची ओळख आणि हितसंबंध जपले जावेत, आणि कारभार परिणामकारक व सोयीचा व्हावा. आयोग लोकांची मते मागवितो आणि कोणीही लिहू शकतो. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी कॅमडनचे वॉर्ड अशाच रीतीने नव्याने आखले गेले. १८ वॉर्डांचे २० झाले आणि नगरसेवक ५४ चे ५५ झाले. अशा वेळी आमच्या वस्तीच्या, आमच्या विहाराच्या, आमच्या मुलांच्या शाळेच्या बाजूने कोणी दोन ओळी लिहिल्या होत्या काय? आम्ही तरी लिहिल्या नव्हत्या.

टीका पुरे झाली. काय करता येईल, तेही सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट मताची. आमच्या गटात व्हिसावर असलेली कितीतरी तरुण कुटुंबे आहेत. परदेशात आपल्याला मत नाही, असे ती गृहीत धरून चालतात. हे चूक आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे येथे कायदेशीर वास्तव्य असलेला अठरा वर्षांवरील भारतीय नागरिक मतदारयादीत नाव नोंदवू शकतो. त्याला स्थानिक निवडणुकीतच नव्हे, तर येथील संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. त्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जाते परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याने. मतदानकेंद्रावर आता छायाचित्राचे ओळखपत्र लागते आणि भारतीय पारपत्र चालते. दर चार वर्षांनी येणारी बरोची निवडणूक थोडक्या मतांच्या फरकाने ठरते, हेही लक्षात घ्यावे. १८९२ साली दादाभाई नौरोजी याच शहरातील फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या पाच मतांच्या अधिक्याने संसदेत गेले होते. ज्या बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकारासाठी साक्ष दिली, त्यांच्या अनुयायांनी हाती आलेला मताधिकार पेटीत ठेवून द्यावा, याहून मोठा विपर्यास आम्हांला सुचत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या मुलांच्या पुस्तकांची. इंग्लंडमधील प्रत्येक स्थानिक शिक्षण प्राधिकरणाला धर्मशिक्षणाविषयी सल्ला देणारी एक स्थायी परिषद नेमावी लागते. तिला सॅक्रे असे संक्षिप्त नाव आहे. त्या भागातील शाळांसाठीचा धर्मशिक्षणाचा मान्य अभ्यासक्रम याच व्यवस्थेतून ठरतो. अकादमी शाळांना तो बंधनकारक नसला तरी त्यांपैकी अनेक शाळा त्याचा आधार घेतात. परिषदेत विविध धर्मांच्या प्रतिनिधींसाठी स्थान असते आणि तिच्या बैठका जनतेस खुल्या असतात. आमची मुले शाळेत बुद्धधम्म शिकतात तेव्हा त्यांना तिबेट दिसतो, थायलंड दिसतो, जपान दिसतो. नागपूर दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी एकाच मैदानावर घेतलेली दीक्षा, ही आधुनिक जगातील एक विलक्षण घटना, त्या पाठात नसते. "आई, मी बौद्ध आहे असं सांगितलं तर बाई म्हणाल्या, म्हणजे तुम्ही तिबेटचे का?" असे आमच्या एका मुलीने घरी येऊन विचारले होते. बाईंचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितले नाही. सांगण्याची जागा उपलब्ध आहे आणि ती आपण रिकामी ठेवली आहे.

तिसरी गोष्ट विहाराची. जेथे जेथे आपले लोक स्वतःच्या वास्तूसाठी निधी जमवीत आहेत, तेथे इमारत पाहण्यापूर्वी बरोचा स्थानिक आराखडा पाहावा. इमारतीचा नोंदलेला वापर कोणता, प्रार्थनास्थळासाठी वापरबदल लागेल काय, वाहनतळाची अट काय, हे आधी विचारावे. कौन्सिलच्या नियोजन विभागाकडून अर्जापूर्वीचा सल्ला शुल्क भरून मिळतो. उपासक-उपासिकांनी पगारातून बाजूला काढलेला एकेक पौंड दंडाच्या आणि वकिलाच्या खर्चात जाऊ नये. अर्ज केल्यावर शेजाऱ्यांना हरकत घेण्यासाठी मुदत मिळते. त्या मुदतीआधी आपणच त्यांच्या दारी जावे, ओळख करून द्यावी, बुद्धपौर्णिमेला खिरीला बोलवावे. मैत्री ही केवळ वंदनेत म्हणावयाची गोष्ट नाही.

चौथी गोष्ट माणसांची. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ मध्ये सेंट पॅन्क्रस बरोचे नगरसेवक झाले आणि १९४७ पर्यंत त्यांनी ते काम केले. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेल्या या माणसाने त्या बरोच्या ग्रंथालयांसाठी मन लावून कष्ट घेतले. त्यांचे राजकारण सर्वांना पटेलच असे नाही. पण परक्या शहरात आलेल्या माणसाने त्या शहराच्या वाचनालयाची काळजी वाहिली, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते. आपल्या गटांत लेखापाल आहेत, डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, संगणक अभियंते आहेत, शिक्षक आहेत. त्यांपैकी कोणी शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर जावे, कोणी वाचनालयाच्या मित्रमंडळात जावे, कोणी वॉर्डाच्या सभेला नियमाने जाऊन नुसते बसावे. प्रथम बसावे, ऐकावे. बोलण्याची वेळ आपोआप येते.

आम्ही हे सारे लिहिताना एक शंका आमच्याच मनात येते. आपण येथे कायमचे राहणार आहोत काय? बरीच कुटुंबे परत जातील, काही दुसऱ्या देशात जातील. मग या बरोशी नाते जोडण्यात काय अर्थ? याचे उत्तर आम्हांला किंग हेन्रीज रोडवरच मिळते. बाबासाहेब तेथे फार थोडा काळ राहिले. परंतु ते ज्या शहरात राहिले त्याच्या ग्रंथालयांचा, न्यायसंस्थांचा, संसदीय परंपरेचा त्यांनी एखाद्या रहिवाशाहून अधिक अभ्यास केला आणि तो मायदेशी नेला. मुक्काम किती दिवसांचा, यावर नागरिकत्वाची वृत्ती ठरत नाही.

म्हणून येत्या धम्मवर्गात आम्ही एक छोटा उपक्रम करणार आहोत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या बरोचा नकाशा छापून आणावा. मुलांनी त्यावर आपले घर, आपली शाळा, आपले वाचनालय आणि आपण वंदनेला जमतो ते सभागृह शोधून खुणा कराव्यात. मोठ्यांनी आपल्या वॉर्डाची सीमा पेन्सिलने गिरवावी आणि खाली नगरसेवकांची नावे लिहावीत. ज्यांचे नाव मतदारयादीत नाही त्यांनी त्याच दिवशी, तेथेच बसून नोंदवावे. वेळ तासाभराचा लागेल.

ज्या ताईंनी मूर्ती माळ्यावर ठेवली होती, त्यांनीच या उपक्रमासाठी पहिला नकाशा आणून दिला आहे. त्यांनी तो भिंतीवर लावला आणि त्यावरून बोट फिरवीत सहज म्हणाल्या, "आमचे आजोबा शीव दाखवायला जायचे. आत मात्र घेत नव्हते त्यांना." मग क्षणभर थांबून त्यांनी आपल्या घराच्या जागी लाल टाचणी टोचली. ती टाचणी रेषेच्या आत आहे. आता आपण आत आहोत, एवढे आपण ओळखावे आणि तसे वागावे, इतकेच आमचे सांगणे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!